सातबाऱ्यात न दिसणारे गोटे

पटवारी म्हणून रिटायर झालो, पण ओसरीवर सातबारे येणं काही थांबलं नाही. आमच्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात; गावात मात्र पटवारी तो पटवारीच. कोणाला वारसाची नोंद चढली का पाहायचं असतं, कोणाला बँकेचा बोजा उतरला का. यंदा उन्हाळ्यात नात्यातला एक पोरगा आला. काटोल रोडच्या अंगाला पाचेक एकर वावर घ्यायचं, संत्रा लावायचा, असं चाललं होतं. मोबाईलवरचा सातबारा त्यानं माझ्यापुढे धरला.

"काकाजी, कोरा आहे न?"

कोरा होता. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विकायला सरकारची परवानगी नको; इतर अधिकाराच्या रकान्यात एक अक्षर नाही; थोडा पोटखराबा, म्हणजे लागवडीबाहेर धरलेली जागा. मी विचारलं, वावरात गोटे आहेत का?

"आहेत न, गोल मांडल्यासारखे. मालक म्हणते, जेसीबीनं अर्ध्या दिवसात साफ करून देतो."

त्या साझ्यात, म्हणजे पटवाऱ्याच्या हद्दीत, मी काम केलेलं आहे, म्हणून विचारलं. नागपूरच्या आसपास वावरा-वावरांत दिसणारी ही दगडी वर्तुळं म्हणजे लोहयुगातल्या माणसांची दफनं. वय दोन-अडीच हजार वर्षांच्या वरच. जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच तिथं खोदून पाहिलं होतं. महुरझरीला घोड्याचे अवशेष तांब्याच्या दागिन्यांसकट निघाले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. जिल्ह्यातली अशी बरीच ठिकाणं केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत, आणि पोरगा घेणार होता ते वावर त्यातल्याच एका ठिकाणात मोडतं.

यादीत आहे, पण सातबाऱ्यात नाही. सगळी गोम इथं आहे.

स्मारक संरक्षित होतं ते राजपत्रात छापून. पुरातन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात तशी तरतूद आहे: आधी दोन महिन्यांची नोटीस, तिची एक प्रत स्मारकाजवळ ठळक जागी लावायची, हितसंबंधितांच्या हरकती ऐकायच्या, मग जाहीर करायचं. देवळाच्या किंवा किल्ल्याच्या दाराशी लावलेला कागद कोणीतरी वाचेल. पऱ्हाटीच्या वावरात गोट्याजवळ लावलेला कागद बकरीनं खाल्ला नसेल तर नवल. आणि जुनी ठिकाणं तर १९०४ च्या इंग्रजी कायद्याखाली संरक्षित झालेली. तेव्हापासून मालगुजारी गेली, खसरे (जमिनीचे नंबर) फुटले, पोटहिस्से पडले, कुठं चकबंदीत नंबरच बदलले. जुन्या कागदावरचा नंबर आज कोणाच्या वावराला लागतो, हे भूमी अभिलेखमधले जुने नकाशे काढल्याशिवाय सांगता येत नाही.

राजपत्र कास्तकार वाचत नाही. बँकेचा माणूस वाचत नाही, ले-आऊटवाला तर नाहीच नाही. सगळे सातबारा वाचतात. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणं सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईस्तोवर खरी धरायची असते. मग तिथं कोरं दिसलं की लोक कोरंच समजणार, त्यात त्यांचं काय चुकलं?

बरं, कायदा काही वावर पिकवू नका म्हणत नाही. संरक्षित क्षेत्रात शेती चालते, फक्त एक फुटापेक्षा खोल खोदायचं नाही. पऱ्हाटी घ्या, सोयाबीन घ्या, वखर फिरवा. संत्र्याच्या कलमाचा गड्डा मात्र अडीच फुटाचा. म्हणजे त्या पोराचा अख्खा बेतच त्या एका फुटावर अडत होता, आणि हे त्याला सांगणारा कागद त्याच्या मोबाईलमध्ये नव्हता. परवानगीशिवाय केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड.

याहून वाईट म्हणजे शेजारी. २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र कायद्यातच आलं. एकच गोटा धरून तीनशे मीटरचं वर्तुळ काढा, सत्तर एकर होतात. त्यातल्या कित्येकांच्या वावरात एकही गोटा नसतो. पण कोठा किंवा घर बांधायला गेले की नोटीस येते, तेव्हा त्यांना कळतं.

पोटखराब्याचं वेगळंच. जुन्या मोजणीत वर्तुळांची जागा बऱ्याचदा गोट्यांची म्हणून पोटखराब वर्ग अ मध्ये बसवलेली. २०१८ पासून वर्ग अ ची जमीन लागवडीखाली आणली तर तशी नोंद करून मिळते. कास्तकाराच्या फायद्याचा नियम आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण इथं त्याचा अर्थ गोटे काढा असाच घेतला जातो. गंमत अशी की एखाद्या समाजाची दफनभूमी असलेली जागा वर्ग ब मध्ये धरतात. ही दफनभूमीच आहे, फक्त तिचा समाज हक्क सांगायला यायचा नाही.

नोंद करायची ती इतर अधिकारात. पुरातत्त्व खात्यानं अधिसूचनेची प्रत आणि नकाशा जोडून तहसीलदाराला लिहायचं. मग पटवाऱ्यानं नमुना सहामध्ये फेरफार धरायचा, नमुना नऊची नोटीस खातेदारांना द्यायची, पंधरा दिवसांत हरकत आली तर तक्रारीच्या वहीत घ्यायची, आणि मंडळ अधिकाऱ्यानं निकाल करून प्रमाणित करायचं. यात नवीन काहीच नाही. मालकी सोडून बाकीच्या गोष्टी लिहून ठेवायची सवय आपल्याकडं मालगुजारीच्या काळापासूनची आहे. वाजिब-उल-अर्जमध्ये पाण्याची वहिवाट, रस्ता, मासेमारी लिहिलेली असते, निस्तार पत्रकात चराई आणि जळतण. गोट्यांना एक ओळ जड होणार नाही.

पण लिहायचं कसं, यावर माझा आग्रह आहे. 'पुरातत्त्व विभाग' एवढंच लिहून मोकळं व्हायचं नाही. तसं लिहिलं की अख्खा खसरा अडकतो, बँक पीककर्जाला हात आखडते आणि कास्तकार रातोरात गोटे धुऱ्यावर फेकतो. आधी मोजणी करा. संरक्षित क्षेत्र किती आर, अधिसूचनेचा नंबर आणि तारीख काय, मालकी खातेदाराचीच, एक फुटापर्यंत मशागतीला मनाई नाही, असं स्पष्ट लिहा. शंभर आणि दोनशे मीटरच्या पट्ट्यात येणाऱ्या वावरांची नोंद वेगळ्या शब्दांत करा. त्यांच्यावर संरक्षित स्मारक असं लिहिणं खोटं होईल.

हे मी त्या मालकाच्या वाड्यावर जाऊन सांगितलं, कारण पोरानं संत्र्याचा बेत सोडून भाव पाडून मागितला होता आणि मालकाचा राग माझ्यावर निघाला होता.

"वावर सरकारजमा करता का आता, साहेब?"

नाही म्हटलं. संरक्षित झालं म्हणून मालकी जात नाही. सरकारला घ्यायचंच असलं तर त्याला वेगळं भूसंपादन करावं लागतं, मोबदला द्यावा लागतो. त्याला ते पटलं असं वाटलं नाही. भाव पडला तो पडलाच, आणि ती झळ एकट्यानं त्यालाच बसते, हे त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. त्याच्या बापाच्या काळातच ती ओळ चढली असती तर त्यानंही वावराचा हिशेब तसाच धरला असता.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "चढवा मग. पण एकट्या माझ्यावर नाही. बाजूवाल्याच्या वावरातही दोन चाके होते गोट्यांचे, त्याच्या बापानं विहीर बांधाले वापरले. त्याचा सातबारा कोरा राहते अन माझा रंगते, हे नाही चालणार."

बाजूवाला शंभर मीटरच्या आत आहे. त्याचा खसरा नंबर मी नोंद चढवायच्या अर्जात घातला.