तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पेटीवर नाव

“जायचं ठरलंय की ओ. तिकडं उतरल्यावर आधी काय करायचं?” गड्ड्याच्या जत्रेत, लग्नाच्या पंगतीत, रात्री उशिरा फोनवर, सोलापुरात हा प्रश्न आता वरचेवर येतो. विचारणारे दोघं असतात. एकाला जर्मनीत नोकरी लागलेली, दुसरं सोबत निघालेलं. दोघांच्या डोक्यात थंडी, भाषा आणि जेवण. या तिन्हींना वेळ आहे. पहिलं काम म्हणजे इमारतीच्या दारातल्या पत्रपेटीवर आणि बेलवर दोघांची आडनावं लावणं. साधा कागद, ठळक इंग्रजी अक्षरं, वरून पारदर्शक चिकटपट्टी.

हसू नका. तिकडच्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर बहुतेक नसतोच. रस्ता, घरक्रमांक, पाच आकडी पिनकोड, गाव, संपलं. दहा बिऱ्हाडांच्या इमारतीत पोस्टमन पेटी ओळखतो ती नावावरून. आपल्याकडं पत्ता अर्धवट असला तरी पोस्टमन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात चौकशी करतो, नाहीतर तिथंच पत्र ठेवून जातो. तिकडं पेटीवर नाव नसेल तर पत्र परत. आणि पहिल्या महिन्यात ज्याची वाट बघायची ते सगळं कागदावरच येतं: कराचा क्रमांक, आरोग्य विम्याचं कार्ड, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दोन-चार दिवसांनी दुसऱ्या पाकिटात. सुरुवातीला कुणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर पत्त्यात ‘सी/ओ’ लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव द्या, आणि तरीही पेटीवर स्वतःचं नाव लावाच.

बायकोनं माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर पेटीवर दोन्ही हवीत. आपल्या तीनपदरी नावाचा घोळही आधीच समजून घ्या. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. जर्मन कचेरी ते सगळं मिळून ‘पहिलं नाव’ धरते. बायकोच्या पहिल्या नावात नवऱ्याचं नाव कायमचं बसतं आणि मग बँक, विमा, नोकरीचा करार सगळीकडं तसंच लिहावं लागतं. कंटाळा करून एका ठिकाणी मधलं नाव गाळलं की दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे पटवत बसायचं. आडनावाचा रकाना रिकामा असलेले पासपोर्टही आपल्या भागात आढळतात. तो असेल तर दुरुस्ती निघायच्या आधी इथंच करून घ्या.

पेटीनंतर पत्त्याची नोंदणी, आन्मेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत वॉर्ड ऑफिसमध्ये, करावी लागते. कायद्यात १००० युरोपर्यंत दंड आहे. मोठ्या शहरात पुढच्या दोन आठवड्यांतली वेळच मिळत नाही, हे कचेरीलाही ठाऊक असतं. मिळेल ती तारीख घ्या, घेतल्याचा ईमेल जपून ठेवा आणि रोज सकाळी संकेतस्थळ उघडून बघा. रद्द झालेल्या वेळा सकाळी मोकळ्या दिसतात.

कागद लागतात चार: दोघांचे पासपोर्ट, भरलेला अर्ज, लग्नाचा दाखला आणि घरमालकाचं सहीचं पत्र. या शेवटच्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. एका दमात म्हणता आलं तर भाषेची परीक्षा पास झाल्यात जमा. नाव सोडा, कागद मात्र सोडू नका. हा भाडेकरार नव्हे. तुम्ही इथं अमुक तारखेला राहायला आलात, असं मालकानं लिहून दिलेला वेगळा कागद आहे. गडबड इथंच होते. पहिला महिना कंपनीच्या किंवा हॉलिडे फ्लॅटमध्ये काढायचा बेत असतो आणि तिथला मालक हे पत्र देत नाही. पत्र नाही म्हणजे नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणजे करक्रमांक नाही आणि बँकही अडून बसते. बुकिंगचे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर आन्मेल्डुंग होईल का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं घर बघा, भले ते स्टेशनपासून लांब असो.

लग्नाचा दाखला नोंदणीच्या दिवशी हातात नसणं ही दुसरी महाग चूक. महापालिकेतून इंग्रजी मजकूर असलेला दाखला काढून घ्या. ग्रामपंचायतीचा बहुधा मराठीतच असतो. जर्मनीत मराठीतून जर्मन करून देणारा शपथबद्ध भाषांतरकार शोधणं कठीण, इंग्रजीतून करणारे पुष्कळ. दाखला समजला नाही तर कचेरी तुमची वैवाहिक स्थिती ‘अज्ञात’ लिहू शकते, आणि मग पगारावर अविवाहिताचा कर लागतो, म्हणजे करवर्ग १. दोघांची नोंद विवाहित म्हणून झाली की दोघांनाही आपोआप वर्ग ४ लागतो. एकाचाच पगार असेल तर करकचेरीत, म्हणजे फिनान्सआम्टमध्ये, अर्ज करून कमावत्याला ३ आणि दुसऱ्याला ५ घेता येतो. दर महिन्याला हातात जास्त येतं. पण वर्षाचा एकूण कर त्यानं बदलत नाही, फक्त आधी-नंतरचा हिशेब बदलतो आणि दुसऱ्या वर्षी विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं. ‘३-५ घेतलं की कर वाचतो’ असं छातीठोक सांगणारे भेटतील. त्यांना हे सांगा.

त्याच अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल, म्हणजे तिकडचं प्रोटेस्टंट, लिहिलं तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर पगारातून जातो. सोलापुरातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे माहीत असूनच काय ते लिहावं.

नोंदणीनंतर दोन-तीन आठवड्यांत ११ आकडी करक्रमांक पत्रानं येतो. नवराबायकोला वेगवेगळा, दोन पाकिटं. तोवर काही कंपन्या अंदाजानं वर्ग धरतात, काही सरळ सहावा, म्हणजे सर्वांत जास्त कपातीचा, लावतात आणि पहिला पगार बघून पोटात गोळा येतो. पैसे बुडत नाहीत. क्रमांक दिल्यावर पुढच्या पगारात किंवा विवरणपत्रातून परत मिळतात. पण पहिल्या महिन्यात घराची अनामत भरायची असते, म्हणून हात राखून ठेवा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी. हीटिंग आणि पाणी धरून जे भाडं सांगतात त्याच्या तिप्पट नव्हे. आणि ती तीन हप्त्यांत भरायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. मालक आपणहून हे सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता जोडप्याचं असं खास. नोकरीवालं माणूस तिसऱ्या दिवशी कंपनीत जातं. तिथं लॅपटॉप, ओळखपत्र, जेवायला सोबत, सगळं मिळतं. घरी राहिलेल्याच्या हातात फोन नाही, कार्ड नाही, कधीकधी किल्लीही एकच. म्हणून प्रत्येक गोष्ट जोडीनं घ्या. प्रीपेड सिम दोघांच्या नावावर वेगळं, कारण सिम चालू करायला व्हिडिओवर किंवा पोस्टात पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते आणि ती प्रत्येकाला स्वतःचीच. बँक खातं संयुक्त, दोघांना वेगळं कार्ड. भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा, नाहीतर इथल्या बँकेचा ओटीपी येणार नाही. आणि इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करायचं राहतंच सगळ्यांचं.

आरोग्य विमा सरकारी योजनेतला असेल तर न कमावणारा जोडीदार त्याच हप्त्यात, जादा पैसे न भरता येतो. पण आपोआप नाही. वेगळा अर्ज भरायचा, सोबत लग्नाचा दाखला. पगार मोठा असेल तर खासगी विम्याचे एजंट स्वस्त हप्ता दाखवतात. खासगीत जोडीदाराचा हप्ता वेगळा असतो आणि तिथून सरकारी विम्यात परत येणं अवघड. दोघांसाठी सरकारीच बरा, असं आमचं स्पष्ट मत.

ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना. तो असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वनची, म्हणजे प्राथमिक जर्मनची, परीक्षा लागत नाही आणि नोकरी करायची मुभा पहिल्या दिवसापासून असते. दुसऱ्या काही व्हिसांवर परीक्षा लागते, त्यासाठी पुण्याला मॅक्सम्युलर भवनला खेपा कराव्या लागतात. लागत नसली तरी आकडे तेवढे शिकून जा. जर्मनमध्ये २३ म्हणताना तीन आधी येतं, अगदी आपल्या ‘तेवीस’सारखं. इंग्रजीतून गेलेले तिथं अडखळतात, मराठी माणसानं अडखळायचं कारण नाही.

बॅगेचं बोलू. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, बर्फी, सगळं घरीच. आजीनं बरणी भरून ठेवली असली तरी. तूप तिथं कढवा: २५० ग्रॅमचं बिनमिठाचं लोणी, मंद आच, साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. श्रीखंडाला चक्का बांधायची गरज नाही, चक्क्यासारखाच असलेला क्वार्क आणा, पाकिटावर ४० टक्के लिहिलेला. ताजा कढीपत्ताही बसत नाही, बहुतेक ताज्या पानाफळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. तेलकट असल्यानं त्या पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतात, विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात. मसाल्यात भाजून वाटलेलं खोबरं घालून न्या.

शेंगाचटणी, काळा मसाला, कडक भाकरी बिनधास्त न्या. कडक भाकरी टिकते, वजनाला हलकी आणि पहिल्या रविवारी जिवाला आधार. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली आणि पेट्रोल पंपावरची सोडून. म्हणूनच विमानाचं तिकीट शनिवारी संध्याकाळी उतरेल असं काढू नका. मंगळवार-बुधवार उत्तम. ज्वारीचं पीठ दोन किलोच्या वर नको, जुनं पीठ विरी जातं आणि भाकरी थापताना चिरते. पोळीसाठी ४०५ नंबरचं पीठ उचलू नका, तो जवळजवळ मैदाच. १०५० नंबर चालतो, नाहीतर भारतीय दुकानातला आटा. सोलापुरी चादर जरूर न्या. रजई तिथं मिळते, पण ऐन जुलैत अंगावर घ्यायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

कुकर नेताना तळाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर तो इंडक्शनवर चालणार नाही. ॲल्युमिनियमचा चालत नाही. काही घरांत इंडक्शन नसून काचेखाली लाल तापणारी शेगडी असते. तिच्यावर ॲल्युमिनियम चालतं, पण तळ सपाट हवा. खोलगट तवा दोन्हीकडं निरुपयोगी. घरमालकाला शेगडीचा फोटो पाठवायला सांगा, आणि मुळात स्वयंपाकघर आहे का तेही विचारा. भाड्याच्या बऱ्याच घरांत ओटा, कपाटं, शेगडी काहीच नसतं, छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत असतात. कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जादा दोन. मिक्सर चालतो, वीज तिथंही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. फक्त आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. अडॅप्टर घेताना कडेला अर्थिंगच्या पट्ट्या असलेला घ्या. स्वस्तातल्या दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये अर्थिंग तुटतं आणि ओल्या हातानं मिक्सरला लागलात तर झटका बसतो. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, तेव्हा चटणी शनिवारीच वाटून घ्या.

आमच्याकडच्या माणसाला सर्वांत नवीन वाटते ती बुरशी. सोलापूरच्या कोरड्या उन्हात भिंतीला बुरशी म्हणजे काय हे कळायची वेळच येत नाही. तिकडं हिवाळ्यात खिडक्या घट्ट बंद, आत भाताची वाफ, वाळत घातलेले कपडे, गरम पाण्याची आंघोळ. ती वाफ थंड कोपऱ्यात, कपाटामागं जमते आणि महिन्याभरात काळे ठिपके येतात. घर सोडताना त्याचे पैसे अनामतीतून कापायला मालक बघतो. उपाय फुकटचा: दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच ते दहा मिनिटं वारा जाऊ द्यायचा, तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी दिवसभर तिरपी किलकिली ठेवली तर भिंती गार पडतात आणि बुरशी उलट वाढते. हीटरच्या फिरत्या चावीवरचा ३ आकडा म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते आणि वर्षाअखेरीस बिल येतं.

नळाचं पाणी मात्र चोवीस तास आणि थेट पिण्याजोगं. पिंपं भरून ठेवायची सवय दोन-तीन आठवड्यांत जाते म्हणतात.

पेटीत एक पत्र रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं येईल. ती फसवणूक नाही, घरात टीव्ही नसला तरी भरायची असते: घरामागं महिन्याला १८.३६ युरो. ती माणसी नसून घरामागं असते, पण पत्रं दोघांना वेगवेगळी येतात. एकानं भरायची, दुसऱ्यानं त्याचा वर्गणी क्रमांक लिहून कळवायचं. गप्प बसलात तर दोघांच्या नावे आकारणी सुरू होते.

व्हिसावरची शेवटची तारीख दोघांची एकच असेल असं धरून चालू नका, बघा. त्याआधी परदेशी नागरिकांच्या कचेरीत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पडलेला असला पाहिजे. कार्ड छापून यायला आठवडे लागतात, तेव्हा दिवाळीचं परतीचं तिकीट काढायच्या आधी अर्ज.

आणि किल्ली. तिकडची बहुतेक दारं ओढली की बंद होतात, बाहेरून मूठ फिरत नाही. कचरा टाकायला खाली गेलात, वाऱ्यानं दार लागलं, किल्ली आत, फोनही आत, जोडीदार कंपनीत. कुलूपवाला रात्री किंवा रविवारी शेकड्यांनी युरो घेतो. घर ताब्यात घेताना किल्ल्या किमान दोन मागून घ्या, ताबापत्रात संख्या लिहून घ्या. पेटीची छोटी किल्लीही दोनच घ्या.