कानात परत येणारा आपलाच आवाज

पंचवटीतल्या एका इनडोअर हॉलमध्ये मी १२ वर्षं कबड्डीचं समालोचन करते आहे. इतकी वर्षं हातात माइक आणि भिंतीवर भोंगे, एवढंच माहीत. गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा थेट प्रक्षेपणासाठी बोलायला बसले. कानांवर माइक जोडलेला हेडफोन आणि टेबलावर डब्याएवढा कन्सोल: दोन-तीन बटणं, दोन नॉब, एक दिवा.

चाचणीत पहिलं वाक्य नीट गेलं. दुसऱ्या वाक्यात जीभ जड झाली. ‘चढाईपटू बोनस रेषेकडे’ एवढं म्हणेपर्यंत शब्द ओढल्यासारखे यायला लागले, अक्षरं दुणावली. खरंच घाबरले. निफाडचा पारा उतरला की आमच्याकडे सगळ्यांचेच घसे बसतात, पण हे घशाचं नव्हतं.

आवाजाचं काम बघणारा मुलगा धावत आला. “ताई, तुमचं काही चुकत नाहीये. तुमचाच आवाज तुम्हाला उशिरा ऐकू येतोय.”

माझा आवाज कन्सोलमधून निघून सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरला जात होता, तिथून चित्राबरोबर जुळवला जात होता आणि तयार कार्यक्रम पुन्हा माझ्या कानात येत होता. सेकंदाला २५ फ्रेम असल्या तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. वाटेत पाच फ्रेम थांबलं, की २०० मिलिसेकंद गेलेच. आणि जवळपास एवढ्याच उशिराने स्वतःचा आवाज कानात आला, तर चांगला बोलणाराही अडखळतो. भोंग्याचा आवाजही उशिराच परत यायचा, पण तेव्हा कान उघडे असायचे, आपला ताजा आवाज आपल्याला ऐकू यायचा. हेडफोनने तोच झाकला होता.

त्याने दोन गोष्टी केल्या. मिक्सरवाल्याला सांगून माझ्या कानात येणाऱ्या कार्यक्रमातून माझा आवाज वगळायला लावला. याला ते मिक्स मायनस म्हणतात. मग कन्सोलवरचा साइडटोन वाढवला. साइडटोन म्हणजे आपला आवाज बाहेर जाण्याआधी कन्सोलमधूनच थेट आपल्या कानात. त्याला वाट नाही, म्हणून उशीरही नाही. हा नॉब मात्र जपून फिरवावा लागतो. फार कमी ठेवला तर माणूस नकळत ओरडतो. फार वाढवला तर आवाज आपोआप खाली जातो आणि पकडीच्या क्षणी जोरच येत नाही. मला तो जमायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास कुणीही वाचवू नये असं मला वाटतं.

मग त्याने डाव्या कानात कार्यक्रम दिला, उजव्यात दिग्दर्शकाचा आवाज. “आता मोठी पकड झाल्यावर ओरडता तशा ओरडा,” म्हणाला. माइकचा गेन, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते, त्या आवाजावर लावतात, साध्या बोलण्यावर लावला तर ऐन रंगात आवाज फाटतो. शेजारी माझ्याबरोबर समालोचन करणाऱ्या सरांचा टेबलावरचा कंडेन्सर माइक होता, त्याला कन्सोलमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्याच तारेतून जाणारी वीज, सुरू करावा लागला. माझ्या डायनॅमिक माइकला तो लागत नाही.

टॉकबॅकचं बटण दाबून धरलं, की माझं बोलणं प्रेक्षकांकडे जायचं थांबतं आणि फक्त दिग्दर्शकाला ऐकू येतं. पहिल्याच सामन्यात पडद्यावरचे गुण चुकले. “१४ नाही, १५,” मी त्यातून सांगितलं, तोवर सर बोलत राहिले. बोट उचललं, दिवा लागला, मी पुन्हा प्रेक्षकांसमोर.

मला सर्वांत मोलाचं वाटलं ते कफ बटण. खोकला येतोय असं वाटलं, की दाबून धरायचं. धरलंय तोवर माइक बंद, सोडलं की चालू. दाबताना टक असा आवाजही बाहेर जात नाही. आधी ते एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू, असं लावलेलं होतं. मी ते बदलून घेतलं. खोकल्याच्या भरात दुसऱ्यांदा दाबायचं राहिलं, तर पुढची अख्खी चढाई मुकी जायची, आणि चढाई असते ३० सेकंदांचीच. एक मात्र सांभाळावं लागतं: बटण दाबलं तरी मान दुसरीकडे वळवायची, कारण शेजारच्याचा माइक चालूच असतो.

अंतिम सामन्यात दोन मिनिटं उरली असताना घशाने दगा दिलाच. मी बटण धरलं, मान वळवली, सरांच्या कोपराला हात लावला. त्यांनी अर्ध्या वाक्यापासून चढाई उचलली.

रात्री घरी रेकॉर्डिंग लावलं. त्या जागी सरांचा आवाज सलग चालू आहे, मागे वेगळ्या माइकवरून येणारा प्रेक्षकांचा गलकाही तसाच आहे. आई शेजारी बसून ऐकत होती. “तू खोकलीस कुठे?” तिने विचारलं. मी मागे नेऊन पुन्हा लावलं, तरी तिला सापडलं नाही.