न आलेल्या बायकांची मते

तहसील कार्यालयात अव्वल कारकून असताना मराठवाड्यातल्या एका गावी, देशी दारूचे दुकान बंद करावे की नाही यासाठी झालेल्या मतदानाच्या कामावर माझी नेमणूक झाली होती. निवडणुकीची कामे तोवर पुष्कळ केली होती; पण केंद्रावर न आलेला मतदारही मत देऊन जातो, असे मतदान मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

ते दुकान मूळचे गावातले नव्हते. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आणि मार्च २०१७ मध्ये २० हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटरवर आणले. त्या काळात रस्त्याकडेची जी दुकाने आत सरकली, त्यांतलेच हे एक. ग्रामपंचायतीने ना हरकत दिली कधी, यावरून ग्रामसभेत मोठा वाद झाला. परवान्याचे दुकान गेले की हातभट्टी येईल, असे काही पुरुषांचे म्हणणे होते. त्यावर बचत गटातली एक बाई उठून म्हणाली, “हातभट्टीवाला निदान लपून विकतो, ह्यो तर पाटी लावून विकतोय.” पुढे त्या मुद्द्यावर फारसे कोणी बोलले नाही.

शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किमान २५ टक्के स्त्री मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. पडताळणीचे ते काम आमच्याकडे आले. मतदार यादी पुढ्यात ठेवून एकेक नाव ताडून पाहताना जी चिडचिड होते, ती हे काम केलेल्यालाच कळेल. सही माहेरच्या नावाने, यादीत नाव सासरचे. अर्जावर ‘सखूबाई’, यादीत ‘सखुबाई’. आणि अंगठ्यांचे ठसे तर असे, की खुरपणी-वेचणीत बोटांच्या रेषाच पुसून गेलेल्या. दुकानदाराच्या बाजूचे लोक अशा प्रत्येक नावावर हरकत घेत होते. तरीही सह्या पुरल्या आणि मतदानाची तारीख लागली.

ती तारीख नेमकी ऊसतोडीच्या हंगामात आली. ज्यांच्या घरची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली मजुरी, दुकानात जिरते, त्या बायका नवऱ्याबरोबर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या फडांवर गेलेल्या होत्या. त्यांच्या वस्तीवर म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे तेवढी उरली होती.

मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात : आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. सकाळीच एक आजी कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, आडवी म्हंजे बंद ना? शिक्का चुकला तर पुन्हा द्याल का कागद?” चित्रांचा अर्थ बाहेर लावलेला आहे, तो मी त्यांना वाचून दाखवला, शिक्का मात्र त्यांनी आडोशाला जाऊन स्वतःच मारायचा होता. दुपारच्या एसटीने काही माहेरवाशिणी उतरल्या. लग्न होऊन वर्षे लोटली तरी त्यांची नावे इथल्या यादीतून निघालेली नव्हती. नाव यादीत आणि ओळखपत्र हातात असल्यावर त्यांना अडवण्याचे मला कारण नव्हते, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नव्हती.

मोजणीत आडव्या बाटलीचा गठ्ठा उभ्या बाटलीच्या कित्येक पट जाड झाला. बाहेर बायकांनी गुलाल काढला. पण निकाल त्यांच्या विरुद्ध गेला होता. कारण दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण स्त्री मतदारांच्या ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. यादीत हजार बायका असतील तर किमान ५०१ मते हवीत. सहाशे जणी येऊन पाचशे जणींनी आडवी बाटली निवडली तरी दुकान चालूच राहते. फडावर गेलेली, सासरी नांदणारी आणि मरून गेली तरी यादीत राहिलेली, अशी प्रत्येक बाई हिशेबात दुकानदाराच्या बाजूने उभी राहते. हे समजावून सांगताना पीठासीन अधिकाऱ्यांचा घसा कोरडा पडला.

परवाना घेऊन चालणारा धंदा मूठभर लोकांच्या लहरीने बंद पडू नये, म्हणून अट कडक असावी, हे मला मान्य आहे. परंतु अट यादीवर उभी असेल तर यादी आधी साफ हवी, आणि ज्या तालुक्यातली निम्मी वस्ती दिवाळीनंतर फडावर जाते, तिथे तारीख गुढीपाडवा उलटल्यावरची द्यावी, एवढे तरी शहाणपण यंत्रणेने दाखवायला हरकत नव्हती. माझ्या अहवालात मी तसे लिहिले. त्यावर काय शेरा पडला, ते माझ्यापर्यंत आले नाही.

बायकांना मात्र हिशेब माझ्या अहवालापेक्षा लवकर कळला होता. पुढच्याच आठवड्यात बचत गटाच्या चौघी-पाचजणी आमच्या निवडणूक शाखेत येऊन नाव वगळण्याचे अर्ज, म्हणजे नमुना ७, मागू लागल्या. “साहेब, मेलेल्यांची आन् नांदायला गेलेल्यांची नावं आधी काढायची हायेत,” म्हणत त्यांनी पिशवीतून मृत्यूच्या दाखल्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि कोरे अर्ज गठ्ठ्याने घेऊन गेल्या.