दोडका संध्याकाळी, घोसाळं पहाटे : एका मांडवावरचे दोन वेल

पुण्यात गच्चीवर पावसाळ्यात मी दोडका आणि घोसाळं एकाच मांडवावर चढवते. बियांच्या पाकिटावर दोघांची लागवड जवळजवळ सारखीच छापलेली असते, आणि पहिला दीड महिना ते खरंही असतं. फरक कळतो फुलं आल्यावर. दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी, घोसाळ्याचं पहाटे. गच्चीवर फळ धरणार की कळ्या पिवळ्या पडून गळणार, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

बी घेताना नावावर फार विसंबू नका. कोकणात दोडक्याला शिराळं म्हणतात, नाशिक-खानदेशात घोसाळ्याला गिलकं. बी हातात घेऊन बघितलं की शंका उरत नाही. दोडक्याचं बी काळं आणि खडबडीत असतं, अंगावर बारीक खळगे. घोसाळ्याचं गुळगुळीत, आणि कडेला पापुद्र्यासारखी बारीक किनार. दोडक्यात पूसा नसदार, कोकण हरिता आणि घोसाळ्यात पूसा चिकनी या सरळ (संकरित नसलेल्या) जाती आहेत, म्हणजे बी घरचं धरता येतं.

जूनमध्ये पेरते. दोडक्याचं बी कोमट पाण्यात 12 तास भिजवलं तरी भागतं, घोसाळ्याचं कवच जाड असल्याने 24 तास. घोसाळ्याच्या बीची बाजूची कड नेलकटरने अगदी किंचित कापली तर उगवण एकसारखी होते. निमुळत्या टोकाला मात्र धक्का लावायचा नाही, मोड तिथूनच फुटतो. थेट मोठ्या बॅगेत, 2 सेंमी खोल, दोन-दोन बिया. या वेलांना मुळं हललेली सोसत नाहीत, म्हणून ट्रेमध्ये रोपं करून लावण्याचा खटाटोप मी करत नाही. दोडका साधारण आठवड्यात वर येतो, घोसाळं दोन-चार दिवस मागून. दोन पानांवर आल्यावर जोमदार रोप ठेवायचं, दुसरं उपटायचं नाही, मातीलगत कात्रीने कापायचं.

एका वेलाला कमीत कमी 50 लिटरची बॅग हवी. माती चार भाग, कुजलेलं शेणखत तीन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, आणि बॅगेमागे 200 ग्रॅम निंबोळी पेंड. तळाची भोकं मोकळी आहेत ना, हे दोडक्याच्या बाबतीत दोनदा बघा. दोन दिवस पाणी साचलं की दोडक्याची खालची पानं पिवळी पडतात आणि वेल पुन्हा नीट उभारी धरत नाही. घोसाळं चिवट आहे, जास्तीचा ओलावा ते बऱ्यापैकी सोसतं.

पहिली दोन पानं असताना तांबडे भुंगेरे येतात आणि बघता बघता त्यांची चाळण करतात. सकाळी पानांवर दव असताना चाळलेली लाकडाची राख भुरभुरली की ते टळतं. पावसाची सर आली की राख पुन्हा टाकायची.

मांडव सहा फुटांवर, वर नायलॉनची वेलजाळी. तिथे पोहोचेपर्यंत बगलेतले फुटवे खुडायचे आणि एकच खोड ठेवायचं. जाळीवर गेल्यावर दोडक्याचा शेंडा मोडते, कारण मादी फुलं बगलफुटव्यांवर जास्त येतात. घोसाळ्याचाही मोडते, पण त्याला जागा दुप्पट द्यावी लागते. ते दोडक्याच्या अंगावर चढून त्याचं ऊन अडवतं, म्हणून मांडवाची दक्षिण बाजू दोडक्याला.

आता फुलं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस दोन्ही वेलांवर फक्त नर फुलं येतात, ती गळतात, त्यात काळजीचं काही नाही. त्यानंतरही नरच दिसत राहिली तर बहुधा नत्र जास्त झालेलं असतं. शेणाची स्लरी (पाण्यात कालवलेलं शेण) देत असाल तर थांबवायची आणि बुंध्यापासून वीतभर लांब मूठभर राख मातीत मिसळायची. नर फुलं एका दांड्यावर घोसाने येतात, मादी फूल त्याच पेरावर एकटं. त्याच्या मागे करंगळीएवढं फळ आधीच दिसतं. दोडक्याच्या त्या इवल्याशा फळावरही शिरा उठलेल्या असतात. कळ्यांपाशी मुंग्या फिरतात. त्या तिथल्या गोड थेंबांसाठी आलेल्या असतात, त्यांच्यावर काही फवारू नका.

दोडक्याचं फिकट पिवळं फूल संध्याकाळी पाचनंतर उघडायला लागतं. मोकळ्या शेतात रात्रीचे पतंग त्याचं काम करतात, उंच गच्चीवर ते क्वचित पोहोचतात. म्हणून परागीकरण हाताने, सहा ते साडेसातच्या दरम्यान. ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि परागकोश मादी फुलाच्या मधल्या तीन भागांच्या गुंडीवर हलकेच फिरवायचे. पिवळी पूड तिथे चिकटलेली डोळ्यांना दिसली पाहिजे. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं. घोसाळ्याचं गर्द पिवळं फूल पहाटे उघडतं आणि दिवस चढला की मिटायला लागतं. त्याचं काम सकाळी आठच्या आत उरकायचं. त्याच्यावर मधमाश्या आणि काळे भुंगे येतात, त्यामुळे हाताची गरज मुख्यतः पावसाची झड लागलेल्या दिवसांत पडते. सकाळी दोन्ही वेलांना एकदमच हात फिरवणं ही नेहमीची चूक आहे. दोडक्याचं रात्रभर उघडं राहिलेलं फूल तोवर शिळं झालेलं असतं. परागीकरण साधलं असेल तर दोन-तीन दिवसांत दांडा जाड होऊन फळ खाली झुकतं. नाही तर टोकाकडून पिवळं पडतं.

फळ धरलं की फळमाशी येते. ती कोवळ्या सालीत अंडी घालते, तिथे चिकाचा थेंब गोठलेला दिसतो आणि फळ त्या बाजूला वाकडं होतं. आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याचा सापळा इथे चालत नाही, वेलभाज्यांवरच्या माशीला क्यू ल्यूर या वेगळ्या गंधद्रव्याचाच सापळा लागतो. त्यात नर अडकतात, माद्या मोकळ्याच राहतात. म्हणून फळ बोटभर झालं की मी त्यावर कागदी पिशवी चढवते. डंख झालेली फळं कंपोस्टमध्ये न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस उन्हात ठेवते, मगच फेकते.

पावसाच्या झडीत केवडा हा रोग येतो, पानांवर शिरांच्या चौकटीत अडकलेले पिवळे ठिपके. खालची पानं काढून हवा खेळती करणं हाच पहिला उपाय. पाऊस ओसरल्यावर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी. गंधक तिच्यावर चालतं, पण वेलभाज्यांची पानं कडक उन्हात गंधकाने करपतात, तेव्हा ते संध्याकाळीच आणि आधी एका पानावर करून बघून.

फूल उमलल्यापासून घोसाळं सहा-आठ दिवसांत काढायचं, दोडका आठ-दहा. नख सहज रुतलं पाहिजे. घोसाळ्याला दोन दिवस उशीर झाला तर आत जाळी धरते, भजीची चकती दाताखाली चोथा होते. दोडका कोवळा असला तर शिराही फुकट जात नाहीत, त्यांची तीळ घालून चटणी होते. चिरण्याआधी देठाकडचा लहान तुकडा चाखून बघा. कडू लागला तर ते फळ शिजवू नका. तो कडूपणा कुकुरबिटॅसिन या विषारी द्रव्याचा असतो आणि त्याने उलट्या-जुलाब होतात.

बियांसाठी प्रत्येक वेलावर मधल्या बहरातलं एकच चांगलं फळ राखून ठेवते. ते तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळलं की काढायचं. टोकाची टोपी आपोआप सुटते, फळ उलटं धरून आपटलं की बिया पडतात. पाण्यात तरंगणाऱ्या टाकून द्यायच्या, बुडालेल्या सावलीत आठवडाभर वाळवून राखेत ठेवायच्या. घोसाळ्याची रिकामी जाळी भिजवून साल सोलली की घासणी तयार.