तुम्ही विचारलंत म्हणून: उंदीर मारताना काही वाटत नाही का?

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याची जी वाट लागते, तिच्यावर मी प्रयोगशाळेत काम करते. डोळ्यांची डॉक्टर नाही, चष्म्याचा नंबर काढता येत नाही. एवढं सांगून होईतो ‘म्हणजे उंदरांवर?’ येतं आणि पाठोपाठ ‘मारताना काही वाटत नाही का हो?’ एका लग्नात मावशीने हे गुलाबजाम खाता खाता विचारलं. तिला स्वतःला बारा वर्षं शुगर आहे.

माझं ठेवणीतलं उत्तर असायचं: डोळ्यात घेता ती इंजेक्शनं कुठून आली मग? १९९४ साली रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवात व्हीईजीएफ, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन, वाढलेलं सापडलं. ते अडवलं तर पडद्यावर फुटणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या थांबतात का, हे पुढच्याच वर्षी उंदरांच्या पिल्लांत तपासलं गेलं. समोरचा गप्प व्हायचा. ती पिल्लं मधुमेही नव्हती, जास्त प्राणवायूत ठेवून त्यांचे पडदे बिघडवले होते, हे मी सांगत नसे. आमच्या मधुमेही उंदरांत नव्या रक्तवाहिन्या फुटून रक्तस्राव होण्याचा टप्पा येतच नाही, हेही नाही. त्यांना आधी मोतीबिंदू होतो. काही महिन्यांत लाल डोळा दुधाळ पांढरा.

तरी त्यांच्यात दिसतं ते खोटं नसतं. केशवाहिन्यांना बिलगून पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. मधुमेहात त्या फार लवकर मरतात आणि मागे रिकामा खिसा राहतो. इंग्रजीत त्याला चक्क भूत म्हणतात. मी ती भुतं मोजते.

त्यासाठी पडदा ट्रिप्सिनमध्ये, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या विकरात, ३७ अंशांवर, काही तास ठेवायचा. मांस सुटतं. मग पाण्यात हलकेच हलवत राहिलं की नुसतं रक्तवाहिन्यांचं जाळं तरंगत वर येतं. काचेवर पसरून रंगवलं की भिंती गुलाबी, केंद्रकं जांभळी. कुवाबारा आणि कोगन यांची १९६०ची पद्धत, अजून तीच. हात स्थिर लागतो आणि श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझे २४ उंदीर होते, आठ महिने सांभाळलेले. मधुमेही उंदीर पाणी किती पितो, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. रात्री भरलेली बाटली सकाळी रिकामी, पिंजऱ्यातला भुसा चिंब. बाकीचे पिंजरे आठवड्यातून दोनदा बदलले तरी चालतं, यांचे रोज. ते सगळं प्राणिगृहातले एक काका करायचे. उजवे डोळे प्रथिनं काढायला आधीच कुटून झाले होते. डावे २४ उरले. ट्रिप्सिनची नवी बाटली आली होती. आधी एका पडद्यावर करून बघायचं असतं, हे मीच ज्युनिअरला शिकवलं होतं. पण गाइडना सोमवारी आकडे हवे होते. सगळे एकदम टाकले.

पहिला पडदा पिपेटनं उचलायला गेले तर दुधावरची साय फाटावी तसा सुटला. दुसरा तसाच. चोविसाव्यापर्यंत मी थांबले नाही, का ते माहीत नाही. बश्यांत नुसते धागे. वहीत लिहिलं, ‘नमुने खराब’.

दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, ‘‘मॅडम, निघालं का काही त्यातून?’’

मी म्हटलं, ‘‘हो, चांगलं निघालं.’’

‘‘बरं झालं,’’ म्हणाले आणि रिकामे पिंजरे धुवायला घेऊन गेले.

नीतिसमितीच्या अर्जात ‘किती प्राणी आणि का’ असा रकाना असतो. त्यात मी ‘आणखी २४’ लिहिलं. कारणाच्या जागी शास्त्रीय भाषा आली, घाई हा शब्द नाही आला. दुसऱ्या खेपेला जाळी छान निघाली, पेपरही झाला. पेपरात २४च आहेत, ४८ नाहीत.

तेव्हा मारताना वाटतं का? कार्बन डायऑक्साइडच्या पेटीपाशी खरं सांगायचं तर आता फारसं नाही वाटत. पूर्वी मी हे कबूल करणाऱ्यांना निगरगट्ट म्हणायचे. वाटतं ते नवी बाटली उघडताना. अजूनही एका पडद्यावर आधी करून बघते, मग दोन तास काहीच न करता बसते.

मावशीला मी त्या दिवशी उलट विचारलं, पडदा कधी तपासलास? ‘‘दिसतंय की मला नीट,’’ म्हणाली. त्यावर मात्र आमचं जोरदार भांडण झालं.

काका अजून तिथेच आहेत. पुन्हा कधी त्यांनी काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.