न्येझ्नायोवाची वाट: गावे फक्त नकाशावर

दक्षिण पोलंडच्या बेस्किद निस्की डोंगरात जाणार असाल तर आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नकाशावर रादोत्सिना, चार्ने, न्येझ्नायोवा अशी नावे आहेत, पण तिथे गाव नाही. दुकान नाही, खायला काही नाही, मोबाइलला रेंज नाही. "नदीकाठची सपाट वाट, मध्ये गावं लागतात" असे आम्हाला सांगितले होते. साफ चुकीचे.

वाट सपाट आहे हे खरे, पण लाकूडतोडीच्या यंत्रांनी ती खणून काढली आहे. चाकोऱ्यांत पिंढरीपर्यंत चिखल, आणि न्येझ्नायोवाजवळ पूल नसलेल्या ठिकाणी विस्वोका नदी पाण्यातून ओलांडावी लागते. आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर जाऊच नका. तळाचे दगड शेवाळलेले आहेत, अनवाणी उतरू नका. पट्ट्याच्या सँडल आणि काठी हवीच. हा एक टप्पा मला पुरता पिळून गेला आणि तरीही सांगते, या भागात काही पाहायचे तर हेच पाहा.

गवतात मध्येच सफरचंदाची झाडे दिसतात, म्हणजे तिथे घर होते. पुढे दगडी क्रूस, त्यावर सिरिलिक (रशियनसारख्या लिपीतली) अक्षरे. इथे लेम्को राहत. हे पूर्व स्लाव्ह लोक, बोली युक्रेनियनच्या जवळची, बहुतेक ग्रीक कॅथलिक: पूजाविधी पूर्वेकडचा, पण मान पोपला. 1926 पासून काही गावे पोपला न मानणाऱ्या ऑर्थोडॉक्स पंथाकडे वळली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बऱ्याच जणांना सोव्हिएत युक्रेनमध्ये पाठवले. उरलेल्यांना 28 एप्रिल 1947 रोजी सुरू झालेल्या 'विस्वा मोहिमे'त, म्हणजे पोलिश सरकारच्या सक्तीच्या स्थलांतरात, उचलले. युक्रेनियन आणि लेम्को मिळून सुमारे 1,40,000 लोक, जर्मनीकडून पोलंडला मिळालेल्या पश्चिम आणि उत्तर भागात विखरून टाकले, म्हणजे बोली आणि चर्च आपोआप विरून जावे. विरले नाही. 1956 नंतर काही कुटुंबे परत आली आणि 2005 च्या कायद्याने लेम्कोंना वांशिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली.

लेम्कोंशी बोलताना "तुम्ही युक्रेनियनच ना?" असे विचारू नका. काही जण स्वतःला तसे मानतात, काही जण ठामपणे वेगळे. घराघरांत मतभेद आहेत आणि ते जिव्हारी लागतात. ते स्वतःला काय म्हणवतात ते ऐकून घ्या.

लाकडी चर्चपैकी क्व्यातोन्य आणि ओव्चारी गावांतली चुकवू नका. दोन्ही 2013 पासून युनेस्कोच्या यादीत. क्व्यातोन्यचे आता रोमन कॅथलिकांकडे आहे, पण वेदीपुढची चित्रांची भिंत जुन्या मालकांची साक्ष देते. ओव्चारीत रोमन आणि ग्रीक कॅथलिक दोघेही एकाच छताखाली प्रार्थना करतात. आत जाण्याआधी प्रार्थनेची वेळ पाहा, मध्येच फोटो काढत फिरू नका. क्रिनित्सात चित्रकार निकिफोरचे संग्रहालय आहे. तोही लेम्को, त्यालाही हाकलले होते, पण तो परत येत राहिला. बाकी क्रिनित्सा आरामाचे गाव, त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे नाही.

आता पैसे. गोर्लित्से शहरातून डोंगराकडे बस मोजक्याच, शनिवार-रविवारी जवळपास नाहीतच. टॅक्सीवाल्याने आम्हाला जाण्याचे भाडे सांगितले आणि उतरल्यावर "रिकामा परत जाणार" म्हणून तेवढेच पुन्हा घेतले. परतीसकट आकडा बसण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्या, नाहीतर शुक्रवारच्या बसनेच जा.

शाकाहारी असाल तर बटाटा-पनीरचे पिएरोगी (उकडलेल्या करंज्या) मिळतात, पण वरून डुकराची तळलेली चरबी घालतात. ऑर्डर देतानाच नको म्हणा.

जुलैच्या उत्तरार्धात ज्दिन्या गावात 'वात्रा' हा लेम्कोंचा मेळा भरतो. जगभर पांगलेले लेम्को येतात, रात्रभर गाणी चालतात. तंबू घेऊन जा. त्या दिवसांत आसपास खोली मिळणे कठीण, आणि मिळाली तरी झोपायला कोणी जात नाही.