दोन रात्रींचा लिलाव

आज चिपळूणला एका मदतनिधीच्या लिलावात आमच्या गुहागरच्या घरातली खोली 'विकली'. म्हणजे दोन रात्री, दोन माणसं, सकाळी घावन आणि नारळाचा रस. एरवी रात्रीचे तीन हजार घेतो. बोली अकरा हजारांवर गेली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, दर वाढवायचा का?"

देवळातल्या नारळ-फणसांचा लिलाव लहानपणापासून बघतोय. साधा नारळ पाचशेला घेणारा माणूस नारळ घेत नसतो. आजही तेच.

पण मागच्या वर्षी चांगलाच धडा मिळाला होता. चिठ्ठीवर नुसतं 'दोन रात्री मोफत' लिहिलेलं. पाहुणे आले ते ३१ डिसेंबरला, आणि सात जण! नाही कसं म्हणणार? आमचीच गादी पडवीत आली. म्हणून यंदा सगळं लिहून दिलं: माणसं किती, मुदत कधीपर्यंत, मे महिना, दिवाळी आणि नाताळचा आठवडा सोडून.

भाच्याला (तो सीए आहे) विचारलं, करात सूट मिळेल का? तर म्हणे, मामा, ती सूट फक्त पैशाच्या देणगीला, वस्तू-सेवेला नाही. असो.

ज्या काकूंनी बोली जिंकली त्यांना जुलैत यायचंय, पाऊस बघायला. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, ताजी सुरमई मिळणं कठीण, हे आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "कुळथाचं पिठलं कराल ना?"

पडवीचं छप्पर तेवढं आधी शाकारून घ्यायला हवं.